रेडिएशनआधी विडी-सिगारेट कशी बंद करायची: निपाणी-बेळगाव भागातल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

"रोग व्हायचा तो झालाच, आता विडी सोडून काय मिळणार?" कॅन्सरचं निदान झालं की हे वाक्य रुग्णाच्या आधी घरचेच बोलतात. मायेपोटी बोलतात. आधीच हाल चाललेत, त्यात माणसाची एवढी एक सवय कशाला काढून घ्या, असं वाटतं. मग रेडिएशनचे, म्हणजे आपण ज्याला 'लाईट घेणं' म्हणतो त्याचे, सहा-सात आठवडे विडीसोबतच निघतात.

मी पाहिलेल्या बहुतेक घरांत गडबड होते ती क्रमात. लाईट सुरू होते, तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलतं, गिळवेनासं होतं, आणि तेव्हा कुठे विडी सोडायचं मनावर घेतलं जातं. तोवर अंगात बळ उरलेलं नसतं, झोप नसते, चिडचिड वाढलेली असते. सोडायची खरी वेळ निदानाचा कागद हातात पडल्यापासून पहिली लाईट बसेपर्यंतची. तपासण्या, दातांची कामं, मास्क, प्लॅनिंग (किरण नेमके कुठे आणि किती सोडायचे याची आखणी) यात साधारण दोन-तीन आठवडे जातातच. ते दिवस कसे वापरायचे ते खाली क्रमाने दिलं आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: धूर आणि लाईट यांचं काय वैर आहे, हे घरातल्या सगळ्यांना समजवा

रुग्णाला पटलं आणि बायकोला, मुलाला पटलं नाही, तर चौथ्या दिवशी घरातलंच कोणी तरी बंडल आणून देतं. म्हणून हे सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं.

रेडिएशनचे किरण कॅन्सरच्या पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. तो घाव पक्का व्हायला तिथे ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसला तर पेशी घाव भरून काढते. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट किरण लागतात, हे प्रयोगशाळेत केव्हाच सिद्ध झालेलं आहे.

आता विडीचं बघा. धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. तेवढं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायला उरत नाही. शिवाय निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे ज्या गाठीवर लाईट सोडायची, तिथे पोचणारा ऑक्सिजन विडीने आधीच कमी करून ठेवलेला असतो. मशीन तेच, डोस तोच, खर्चही तोच. काम मात्र कमी होतं.

कॅनडात डोक्या-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. लाईट चालू असताना जे ओढत राहिले, त्यांच्यापैकी ४५ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली. जे ओढत नव्हते, त्यांच्यात हेच प्रमाण ७४ टक्के होतं. दोन वर्षांनी जिवंत असलेले अनुक्रमे ३९ आणि ६६ टक्के. 'आता सोडून काय उपयोग' याला यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरं नुकसान निरोगी भागाचं. लाईटमुळे तोंडाची, घशाची, आतड्याची, मूत्राशयाची अस्तरं दुखावतात आणि रोज थोडी थोडी भरूनही येतात. ओढणाऱ्यांची उशिरा भरतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लाईटनंतर आतड्याचे गंभीर त्रासही धूम्रपान करणाऱ्या बायकांना जास्त होतात.

सावधान: "आमची विडी आहे, पानाची, सिगारेटसारखी घातक नाही" हे तंबाखूच्याच पट्ट्यात सगळ्यात जास्त ऐकू येतं. तेंदूपानातून हवा आत शिरत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. विडीतून कार्बन मोनॉक्साईड, निकोटीन आणि डांबर सिगारेटपेक्षा जास्तच मिळतं.

## टप्पा २: डॉक्टरांकडे जाण्याआधी खरा हिशेब कागदावर लिहा

ओपीडीत विचारतात, "बीडी, सिगरेट?" रुग्ण म्हणतो, "सोडली." शेजारी उभा असलेला मुलगा खाली बघतो. डॉक्टर रागावतील, उपचाराच्या सरकारी योजनेतून नाव काढतील, लाईटच देणार नाहीत, ही भीती त्यामागे असते. विडी ओढता म्हणून कुणाचं रेडिएशन नाकारत नाहीत. खोटं सांगितल्याने मात्र मिळणारी मदत हुकते, कारण निकोटीनची औषधं मागावी लागतात, आपोआप कोणी देत नाही.

घरीच एका कागदावर एवढं लिहून न्या:

- दिवसाला विड्या किती, सिगारेट किती. बंडल किती दिवस पुरतं, ते सांगितलं तरी चालेल.
- सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने लागते. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन घट्ट आहे, औषधाशिवाय जमवण्याचा हट्ट धरू नका.
- चुना-तंबाखू, गुटखा, मशेरी, तपकीर. बायकांच्या बाबतीत मशेरी कोणी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. तुम्ही सांगा.
- दारू किती आणि कधी.
- याआधी सोडायचा प्रयत्न केला होता का, आणि कशामुळे परत सुरू झाली.
- फिट, हृदयाचा झटका, बीपी, साखर, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या.

बेळगाव किंवा हुबळीला जात असाल आणि घरात कन्नड कोणाला नीट येत नसेल, तर सरळ सांगा, "मराठीत सांगा." आपल्या भागात दोन्ही भाषा येणारी नर्स किंवा वॉर्डबॉय बहुतेक ठिकाणी भेटतो. न समजता "व्हय, व्हय" म्हणून बाहेर यायचं नाही. बाहेर आल्यावर मेडिकलवाल्याला विचारून हे प्रश्न सुटत नाहीत.

तपासून पाहा: हिमोग्लोबिनचा रिपोर्ट फाईलमध्ये आहे का? ते कमी असेल तर ऑक्सिजनची अडचण दुप्पट होते. "रक्त वाढवायला काही करायचं का?" हे स्वतःहून विचारा.

## टप्पा ३: कुठे लाईट घ्यायची ते एकदाच ठरवा

हा टप्पा धूम्रपानाचा वाटत नाही, तरी तो आधी उरकावा लागतो. मनाची घालमेल चालू असताना विडी सुटत नाही.

निपाणी-चिकोडीकडची माणसं बहुधा कोल्हापूर धरतात, खानापूर-बेळगावची बेळगावातच केएलईच्या दवाखान्यात जातात, काही हुबळीच्या नवनगरमधल्या कॅन्सर दवाखान्यात, काही बंगळुरूच्या किदवाई नाहीतर मुंबईच्या टाटा कॅन्सर दवाखान्यात. कुठेही जा, पण अर्धी लाईट इथे आणि अर्धी तिथे असं करू नका. दवाखाना बदलला की प्लॅनिंग नव्याने होतं आणि मधले दिवस वाया जातात. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरला साधारण ३० ते ३५ लाईट, म्हणजे सहा ते सात आठवडे. या रोगात खाडा पडलेल्या दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, असा अंदाज आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरची लाईट आणि आतली, ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात ती, दोन्ही मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवायची असते.

पैशाचं आधी विचारून घ्या. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्ड आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला होता. तुमच्या गावाला, तुमच्या रोगाला, त्या दवाखान्यात ती चालते का, हे योजनेच्या काऊंटरवर आधार आणि रेशनकार्ड दाखवून पहिल्याच दिवशी विचारा. घरात विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याणच्या दवाखान्यातही विचारणा करा.

पावसाळ्यात लाईट असेल तर आणखी एक. जुलै-ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेवरचे सखल पूल पाण्याखाली जातात, खानापूरच्या रानातले रस्ते तुटतात. रोज येऊन-जाऊन करायचा बेत असेल तर तेवढ्या दिवसांसाठी दवाखान्याजवळ खोली किंवा पाहुण्यांचं घर आधीच बघून ठेवा.

## टप्पा ४: दात आणि तोंड

डोक्या-मानेवर लाईट असेल तर दंतवैद्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. किडलेले, हलणारे दात लाईटच्या आधी काढायचे आणि जखम भरायला किमान दोन आठवडे द्यायचे. लाईटनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. त्या वेळी दात उपटला तर हाड सडू शकतं. विडी ओढणाऱ्याला हा धोका जास्त, आणि दात काढल्यावर ओढत राहिलं तर जखमही लवकर मिटत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: दात काढायचा दिवस हाच विडी बंद करायचा दिवस धरा. एरवी 'सोमवारपासून', 'अमावस्या झाल्यावर' असं चालूच राहतं. दात काढल्यावर तोंडात कापूस असतो, दुखत असतं, विडी नकोशीच वाटते. ती संधी सोडू नका. दात काढायचे नसतील तर प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनच्या किमान आठवडाभर आधीची तारीख ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा.

सावधान: विडी सुटली नाही म्हणून लाईट पुढे ढकलू नका. लाईट ठरल्या दिवशीच सुरू होऊ दे, सोडायचे प्रयत्न तिच्यासोबत चालू ठेवा. लाईटच्या मधल्या एखाद्या आठवड्यात सोडली तरी उरलेल्या दिवसांचा फायदा मिळतोच.

## टप्पा ५: घर साफ करा

ठरलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी हे करायचं. बंडलं, पाकिटं, लायटर, चुन्याची डबी, मशेरीचा डबा, शर्टाच्या आणि कोटाच्या खिशातल्या काडीपेट्या, गोठ्यातल्या वळचणीला खोचलेलं बंडल, दुचाकीची डिकी, सगळीकडून काढा. गोठा आणि डिकी बहुतेक लोक विसरतात. अंथरूण-पांघरूण आणि रोजचे कपडे धुऊन टाका, धुराचा वास राहिला की तलफ येते.

निपाणी भागात मोठी अडचण वेगळी आहे. ज्या घरात विड्या वळून पोट भरतं, तिथे तंबाखू बाहेर कशी टाकणार? आई मांडीवर सूप घेऊन बसलेली, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. शेजारी कॉटवर वडील, त्यांना लाईट चालू. हात लांब केला की विडी. कामाचा पैसा बंद करा असं मी म्हणणार नाही, त्याच पैशावर बसचं तिकीट निघतं. पण एवढं करता येतं:

काम शक्यतो ओसरीत किंवा शेजारणीच्या घरी हलवा, रुग्णाच्या खोलीत नको. वळलेल्या विड्या मोजून त्याच दिवशी कारखान्याला किंवा ठेकेदाराकडे पोचवा, रात्रभर घरात ठेवू नका. तंबाखूची पिशवी झाकून कुलुपात ठेवा. काम झाल्यावर हात साबणाने धुऊन, लुगडं बदलून मगच रुग्णाचं जेवण करा. तंबाखूची धूळ रुग्णाच्या सोललेल्या घशाला झोंबते आणि खोकला वाढवते.

घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्याने अंगणाबाहेर जाऊन ओढावी. सोबत सोडली तर उत्तमच. भावकीतल्या आणि गल्लीतल्या माणसांना मुलाने किंवा सुनेने स्पष्ट सांगावं: "काका, बघायला या, चहा घ्या, पण अण्णांना विडी द्यायची नाही." रुग्णाने स्वतः नाही म्हणणं अवघड जातं. समोरचा वयाने मोठा असतो, मान राखावा लागतो. ते ओझं घरच्यांनी घ्यावं.

## टप्पा ६: तलफ मारायची औषधं, आणि कोणाला कोणतं चालत नाही

निव्वळ मनाच्या जोरावर सोडणारेही असतात, पण रेडिएशनच्या रुग्णाकडे रोज लढायला ताकद नसते. निकोटीनचे पॅच (कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या) आणि च्युइंगम यांत धूर नाही, कार्बन मोनॉक्साईड नाही. विडीपेक्षा ते केव्हाही बरे. पण डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण रेडिएशनमध्ये काही गोष्टी उलट्या पडतात.

च्युइंगम: तोंडावर किंवा घशावर लाईट असेल तर नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोललं की ते झोंबतं आणि चघळवतही नाही. स्तन, छाती, ओटीपोट या भागांवर लाईट असेल तर चालू शकतं. गोळीसारखं भराभरा चावायचं नाही. चार-पाच वेळा चावलं की गालात ठेवायचं, झणझणी गेली की परत चावायचं.

पॅच: तोंड-घशाच्या रुग्णांना हाच सोयीचा. दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, रोज नव्या जागी लावायचा. ज्या कातडीवर लाईट पडते तिथे कधीही लावू नका. रात्री घाबरवणारी स्वप्नं पडली तर झोपताना काढायला चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला असेल तर लावण्याआधी सांगा.

ब्युप्रोपिऑनची गोळी: फिट येत असतील, मेंदूत गाठ असेल किंवा रोग मेंदूत पसरला असेल तर नको. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ही गोळी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करते. लिहून देणारे डॉक्टर वेगळे असतील तर हे तुम्हीच सांगायचं.

व्हॅरेनिक्लिनची गोळी: चांगला उपयोग होतो, पण मळमळ होते. सोबत केमो चालू असेल तर ती मळमळ कशाची हे ओळखता येत नाही, म्हणून जेवणानंतरच घ्यायची आणि त्रास झाला तर डॉक्टरांना कळवायचं.

फोनवरही मदत मिळते, आणि ती फुकट आहे. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाईनचा नंबर १८००-११-२३५६ हा विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. पहिला फोन रुग्णाने स्वतः करावा, घरच्यांनी फक्त नंबर लावून द्यावा.

सावधान: विडी सोडून तंबाखूचा बार भरायला सुरुवात करणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक आहे. "ओढत नाही, नुसती चघळतो." तोंडाच्या कॅन्सरला चुना-तंबाखू म्हणजे सोललेल्या जखमेवर रोज नवा घाव. मशेरीचंही तसंच. ई-सिगारेट हा पर्याय नाही, तिच्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे आणि तिच्या धुराने घसा खवळतोच.

## टप्पा ७: मास्क आणि प्लॅनिंगचा दिवस

डोक्या-मानेच्या रुग्णाला प्लास्टिकचा जाळीदार मास्क करतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात, ती थंड होऊन कडक होते. रोज लाईट घेताना तोच मास्क टेबलाला अडकवतात आणि काही मिनिटं जराही हलायचं नसतं. विडीवाल्याचा सकाळचा खोकला इथे आडवा येतो. मास्कमध्ये उबळ आली तर मशीन थांबवावं लागतं.

विडी सोडल्यावर पहिले काही दिवस खोकला आणि कफ थोडा वाढतो. श्वासनलिका स्वतःला झाडू लागतात, म्हणून. "बघा, सोडली आणि खोकला वाढला, म्हणजे विडीच बरी" असा निष्कर्ष याच टप्प्यावर निघतो आणि सगळं ओमफस होतं. हे आधीच माहीत असलं तर माणूस डगमगत नाही. लाईटला जाण्याआधी कोमट पाणी प्यायचं, कफ काढायचा, मगच आत जायचं. कफात रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

डाव्या स्तनाच्या लाईटमध्ये काही ठिकाणी श्वास रोखून धरायला शिकवतात, म्हणजे हृदय किरणांपासून लांब राहतं. विडी ओढणारीला तो श्वास पुरत नाही. स्तनाच्या लाईटनंतर पुढे फुफ्फुसाचा कॅन्सर आणि हृदयरोग होण्याचा धोकाही ओढत राहणाऱ्या बाईला न ओढणारीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

तपासून पाहा: या दिवशी विडी बंद होऊन किमान आठवडा झालेला असावा. झाला नसेल तर लाईट देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, टप्पा ६ मधलं औषध आजच मागा.

## टप्पा ८: लाईट चालू असताना, आठवड्यामागून आठवडा

पहिला आठवडा. लाईटचा त्रास जवळपास नसतो, तलफेचा असतो. निकोटीन सुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात: चिडचिड, डोकं जड, झोप नाही, शौचाला घट्ट. तलफ आली की ती तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यायचं, माळ ओढायची, नातवाला घेऊन दारापर्यंत जायचं. चहानंतर लगेच विडी लागत असेल तर चहाची जागा आणि वेळ बदला. शौचाला जाताना विडी लागणारे पुष्कळ आहेत, त्यांनी सकाळी कोमट पाणी आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ करायचं औषध घ्यावं.

दवाखान्याच्या गेटासमोरची टपरी हा धोक्याचा टापू. लाईट झाली, नंबर लवकर लागला, बसला तास आहे, सोबतचे दोन रुग्ण तिकडे निघालेत. सोबत आलेल्या माणसाने त्या तासाचं आधीच ठरवून ठेवावं: डबा खायचा, औषधं घ्यायची, थेट स्टँड गाठायचा.

इथेच एक फसवी पळवाट सांगतो. "सकाळी ओढत नाही, लाईट झाल्यावरच ओढतो." कार्बन मोनॉक्साईड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे रात्रीच्या विडीचा अंश सकाळच्या लाईटला शिल्लक असतोच. आणि दुखावलेलं अस्तर भरून यायचं काम लाईटनंतरच्या तासांतच चालतं, नेमकं तेव्हाच धूर आत जातो. विड्या कमी करणाऱ्यांचंही असंच होतं. संख्या घटते तसे झुरके लांबतात.

दुसरा ते चौथा आठवडा. तोंडात फोड, लाळ घट्ट, चव जाते. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. रोज नवं पाणी करायचं. बाजारातले झणझणीत माऊथवॉश नकोत, त्यांत अल्कोहोल असतं. जेवणात तिखट आणि चटणी बंद. नाचणीची आंबील, ताकातला मऊ भात, शिरा, उकडलेलं अंडं कुस्करून, दूध. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन. ते भराभर उतरलं तर मास्क सैल होतो आणि प्लॅनिंग पुन्हा करावं लागतं. गिळणं बंद झाल्यावर नाकातून नळी घालायला सांगितली तर नाही म्हणू नका, ती तात्पुरती असते.

लाईटच्या कातडीवर तेल, हळद, पावडर, बाम काहीही लावायचं नाही. ब्लेडने दाढी नाही. मार्करच्या खुणा घासायच्या नाहीत.

पाचव्या आठवड्यापासून पुढे. थकवा आणि उदासी. "दोन महिने सोडली होती, आता बास झालं" असं म्हणून याच काळात पुष्कळ जण परत ओढतात. या आठवड्यांत सोबतचा माणूस बदलू नका. घरी ऑक्सिजनचं सिलिंडर असेल तर त्या खोलीत कोणीही काडी पेटवू नये, आग लागते.

## टप्पा ९: एखादी ओढली गेली तर

ओढली गेलीच तर लपवू नका. घरच्यांनी ओरडायचं नाही. त्या दिवशी कुठे होतात, सोबत कोण होतं, किती वाजले होते, एवढंच विचारा आणि ती फट बुजवा. पॅच चालू असेल तर तो काढून टाकू नका, पुढची विडी टाळायला तोच कामाला येतो. दुसऱ्या दिवशी लाईट देणाऱ्या टेक्निशियनला किंवा नर्सला सांगा. आठवड्यात तीनदा असं झालं तर औषधाचा डोस कमी पडतो आहे असं समजून डॉक्टरांकडे जा. सगळं संपलं असं समजून बंडल विकत घेणं, ही त्या एका विडीपेक्षा मोठी चूक.

## टप्पा १०: शेवटच्या लाईटनंतर

शेवटच्या लाईटनंतर त्रास लगेच कमी होत नाही. आठवडा-दोन आठवडे तो वाढतो, मग उतरू लागतो. गुळण्या, मऊ जेवण, तंबाखूबंदी तशीच चालू ठेवा. पॅच किती दिवस चालवायचा ते डॉक्टर ठरवतील, स्वतःहून अर्ध्यावर सोडू नका.

छातीवर लाईट झाली असेल तर पुढच्या सहा महिन्यांत कोरडा खोकला, ताप, धाप लागली की "जुनी विडी बाधतेय" म्हणून घरी बसू नका. रेडिएशनने फुफ्फुसाला सूज येते, तिला वेळेवर गोळ्या लागतात.

डोक्या-मानेवर लाईट झालेल्यांनी आयुष्यभर कोणत्याही दंतवैद्याला आधी सांगायचं: "मला जबड्यावर लाईट दिली आहे." सांगितल्याशिवाय दात काढू द्यायचा नाही. मानेवर लाईट झाल्यावर थायरॉईड मंदावू शकते, म्हणून टीएसएचची, म्हणजे थायरॉईडचं काम दाखवणारी, रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करून घ्या. तपासणीच्या प्रत्येक फेरीत तोंड, घसा आणि छाती नव्याने बघायला सांगा. एकदा कॅन्सर होऊन गेलेल्या आणि पुन्हा ओढू लागलेल्या माणसाला दुसरा, नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. त्या फाईलमध्ये विडी बंद केल्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढच्या दवाखान्यात कोणीही पहिली तीच विचारतं.